राहीचा दुसरा विळा

राही गेली ती श्रावणात, सन छत्तीस साली. आठ दिवस तापानं फणफणत होती. आठव्या दिवशी दुपारी तिनं डोळे उघडले, देवजीकडं बघितलं आणि म्हणाली, "मी काय म्हंते..." पुढचं बोलली नाही. देवजी तिला म्हणाला, राहू दे आता, नीज, उद्या सांग. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

धसईपासून कोसभर आत, डोंगराच्या अंगाला त्यांची वाडी. पंचवीस घरं. त्या साली घरटी एक माणूस तापानं पडलेलं होतं, त्यामुळे रडायला आलेली माणसंसुद्धा कण्हत आली आणि लवकर गेली. देवजी तेराव्यापर्यंत पडवीत बसून राहिला. कोणी भाकर पुढं ठेवली तर खायची, नाही ठेवली तर नाही.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर लडकू त्याच्याजवळ येऊन बसला. लडकूचं शेत देवजीच्या बांधाला लागून, आणि सावडीतला तो जुना माणूस. पाच घरांची सावड होती. आज याच्या शेतावर सगळ्यांनी राबायचं, उद्या त्याच्या. मजुरी कोणी कोणाला द्यायची नाही, फक्त प्रत्येक घरानं एक गडी आणि एक बाई आणायची. भात पिकलं की आठ-दहा दिवसांत कापून व्हावं लागतं, नाहीतर दाणा शेतातच गळतो. एकट्या घराच्यानं ते होत नाही. सावडीबाहेर पडलेल्या घराचं भात उभ्याउभ्या जातं, हे वाडीत पोराटोरांनाही ठाऊक होतं.

लडकूनं तंबाखू मळली, देवजीला दिली आणि विचारलं, "कापनीला तुझ्या घरची बाई कोन?"

देवजीच्या घरात आता दोघी होत्या. एक त्याची थोरली बहीण धोंडूबाई. ती विधवा, राहीच्या दुखण्यात आली ती राहिली होती. पण तिची कंबर गेलेली, चुलीपुढं बसणं तेवढं तिला जमे. दुसरी त्याची पोर, गोदू. तीन पोरांत एवढीच जगलेली, अकरा वर्षांची.

"गोदू येल," देवजी म्हणाला.

"गोदू डावरी हाय, देवजी."

"मला ठावं नाय काय?"

कापणीला सगळे एका ओळीत उतरतात. डाव्या मुठीत धाटं धरायची, उजव्या हातानं विळा ओढायचा, एका चालीनं पुढं सरकायचं. ओळीत एक जरी डावरा असला तरी त्याचा विळा शेजारच्याच्या अंगावर येतो. टोकाला उभं करावं तर ओळ बांधाशी जाऊन वळली की टोक बदलतं. शिवाय डाव्या हातानं कापलेलं भात पहिल्या राशीत घालू नये असं म्हाताऱ्या बायका मानायच्या. एखाद्या घराचा दाणा कमी भरला असता तर गोदूचं नाव निघालं असतं.

कापणीला दीड महिना होता. देवजी म्हणाला, "तवर उजवी करतो तिला."

राही असताना या गोष्टीचा बोभाटा झाला नव्हता. पोर डाव्या हातानं जेवायला लागली की राही मुकाट्यानं भाकर तिच्या उजव्या हातात देई. पोरीनं पुन्हा हात बदलला की राही दुसरीकडं बघे. एकदा देवजी चिडून पोरीच्या हातावर मारायला गेला तेव्हा राहीनं त्याचं मनगट धरलं. एकोणीस वर्षांच्या संसारात तेवढं एकदाच. तेव्हाही बोलली मात्र काही नाही.

ती बोलायचीच कमी. बोललीच तर आधी "मी काय म्हंते" म्हणायची, जरा थांबायची, आणि मग दोन शब्दांत सांगून मोकळी व्हायची. वाडीतल्या बायका पाणवठ्यावर भांडत, ती त्यात नसे. शेजारच्या घरातून बायकोचा चढलेला आवाज आला की देवजी मनात म्हणे, आपलं बरं आहे. लावणीला मात्र राही गायची. चिखलात वाकून ती गाणं उचलायची आणि बाकीच्या बायका मागं धरायच्या. एवढी मुकी बाई एवढं गाते कशी म्हणून लोक तिची थट्टा करत. ती हसायची.

गोदू आईवर गेली नव्हती. सकाळी उठली की तिची टकळी सुरू. कोंबड्यांशी बोले, बैलांशी बोले, कोणी नसलं तर चुलीशी बोले. आई गेल्यावर चार दिवस गप्प होती, मग पुन्हा बोलायला लागली. आईविषयीच बोले, पण बोले.

अर्ध्या कोसावरच्या गावात शाळा होती. तिथले सावळाराम मास्तर तरुण होते, ट्रेनिंग करून आलेले. माणूस असा का वागतो, तसा का वागत नाही, याचं शास्त्र असतं आणि त्याची पुस्तकं असतात, हे त्या भागात पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. पोरांना ते मारत नसत. एका चोरट्या पोराला त्यांनी शाळेच्या किल्ल्या सांभाळायला दिल्या होत्या आणि त्या पोरानं चोरी सोडली होती. त्यामुळे लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. देवजी त्यांच्याकडं गेला.

मास्तरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मारू नका, असं त्यांनी आधी बजावलं. मग म्हणाले, "देवजी, माणूस जन्माला येतो तो ओल्या मातीसारखा. सवय लावाल तसा होतो. हाताचंही तेच. डावा हात मोकळा आहे म्हणून ती तो वापरते. मोकळा ठेवू नका."

"बांधायचा?"

"मऊ फडक्यानं. उठल्यापासून झोपेपर्यंत. उजव्या हातानं काम केलं की गुळाचा खडा द्यायचा. चाळीस दिवस, आणि मध्ये खाडा नाही. एक दिवस सोडलात तर मागचे दहा दिवस पाण्यात गेले."

देवजीला हे पटलं. बैल नांगराला धरतात तेही असंच. त्यानं घरी येऊन राहीच्या जुन्या लुगड्याचा काठ फाडला. मऊ फडकं घरात तेवढंच होतं.

पहिल्या दिवशी धोंडूबाईनं गोदूचा डावा हात पाठीमागं घेऊन कमरेशी बांधला तेव्हा गोदूला हसू आलं. म्हणाली, "आत्या, मी काय वासरू हाय काय गो?"

"वासराला दावं लागतं," धोंडूबाई म्हणाली. "तुला लुगड्याचा काठ मिळाला. मोठ्या घरची तू."

गोदूनं दिवसभर त्याचा खेळ केला. एका हातानं कोंबड्या कोंडताना पडली, उठली, पुन्हा हसली. तिसऱ्या दिवशी हसणं थांबलं. आठव्या दिवशी ती उजव्या हातानं भात कालवायला लागली. देवजी गूळ देत होता. ती गूळ घेई आणि कोंबड्यांना टाकी.

पंधराएक दिवसांनी ती पाणी मागत होती. "आत्या, पा... पा... पा..." असं म्हणून थांबली. धोंडूबाईला वाटलं पोर चेष्टा करते. तिनंही "पा पा पा" करून दाखवलं आणि पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग "बा" म्हणताना अडायला लागली, मग "आत्या" म्हणताना. शब्द तोंडात यायचा, ओठ थरथरायचे, मानेची शीर ताठ व्हायची आणि आवाज मात्र बाहेर पडायचा नाही. देवजी तिच्या वतीनं शब्द पुरा करायचा. पानी? भाकर? बैल सुटला? ती मान हलवायची. हळूहळू ती नुसती मानच हलवायला लागली.

धोंडूबाई म्हणाली, आईचा जीव पोरीत अडकलाय. तिनं भगताकडून अंगारा आणून लावला. देवजी मास्तरांना विचारून आला. मास्तर म्हणाले, आई गेली आहे, धक्का बसला आहे, दुःख ओसरलं की वाचा मोकळी होईल. हाताचं मात्र सोडू नका, अर्ध्यात सोडलेली सवय वाईट.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी देवजी बैलांना पेंढा घालत होता. मागून गोदू आली आणि म्हणाली, "मी काय म्हंते..." जरा थांबली आणि म्हणाली, "तांबडा बैल लंगडतोय." एका दमात, न अडता. देवजीच्या हातातला पेंढा खाली पडला. तोच शब्द, तसंच थांबणं. त्याला वाटलं, पोर आईच्या वळणावर चालली. ती गेल्यावर तो गोठ्यातच रडला आणि त्या दिवशी त्याला जरा बरंही वाटलं.

हळवं भात आधी तयार होतं, त्याची कापणी दसऱ्यानंतर सुरू झाली. पहिल्या दिवशी लडकूचं शेत. गोदूचा काठ सोडला, तिच्या हातात वाडीतलाच एक जुना विळा दिला आणि तिला ओळीत घेतलं. ती उजव्या हातानं कापत होती. सावकाश, पण सरळ. तिचा डावा हात धाटं धरायचा आणि कापून झालं की आपोआप पाठीमागं जायचा. लडकूची बायको तिच्या शेजारी होती. दोन ओळी झाल्यावर ती देवजीला म्हणाली की पोर तयार झाली, राहीची जागा भरली. देवजीचं अंग हलकं झालं. सावड टिकली होती.

दुपारी भाकरी खाताना लडकूनं थट्टा केली, "गोदू, जागा आयची घेतलीस, मंग गानं पन म्हन. फुकट जागा नाय देत आमी."

सगळे हसले. देवजीला वाटलं, आता पोर रडेल. गोदूनं मान खाली घातली आणि राहीचं लावणीचं गाणं सुरू केलं. सबंध गाणं म्हटलं. एक अक्षर अडलं नाही. बायका जेवायच्या थांबल्या. गाणं संपलं तेव्हा लडकूची बायको डोळे पुसत म्हणाली, "कोन म्हंतो गो पोर मुकी झाली? बोल की मंग. काय देऊ तुला, बोल."

गोदूनं तोंड उघडलं. ओठ थरथरले. मानेची शीर ताठ झाली. सगळी ओळ तिच्याकडं बघत होती. मग तिनं बोटानं पाण्याचं मडकं दाखवलं.

देवजीनं उरलेली भाकर फडक्यात परत बांधली. मुकी बाई एवढं गाते कशी, असं लोक म्हणायचे ते त्याला आठवलं. पण त्यातून पुढं काय, हे त्याला कळलं नाही.

हळवं संपलं. उशिरा पिकणाऱ्या गरव्या भाताला अजून आठ दिवस होते. सगळे आपापले विळे धसईच्या बाजारात दाते पाडायला नेत होते. भाताच्या विळ्याला बारीक दाते असतात, ते वर्षाला झिजतात आणि लोहार छिन्नीनं पुन्हा पाडून देतो. गोदूला चांगला विळा हवा म्हणून देवजीनं राहीचा विळा काढायचं ठरवलं. तो वळचणीला खोचलेला असे. देवजीनं हात घातला तर एक विळा हाताला लागला, आणि त्याच्या मागं, गवतात खोल, फडक्यात गुंडाळलेला दुसरा. त्याची मूठ जुनी, बोटांनी खाच पडलेली. राहीकडं दोन विळे होते हे देवजीला ठाऊक नव्हतं. त्यानं दोन्ही नेले.

धसईचा रघू लोहार म्हातारा. त्यानं एक विळा भात्याजवळ ठेवला, दुसरा उचलला, उलटापालटा केला आणि देवजीकडं बघितलं.

"राहीबाय गेली म्हंतात, खरं?"

"श्रावनात."

रघू थोडा वेळ कोळसे हलवत राहिला. मग म्हणाला, "हा आता कोन वापरनार?"

"पोर."

"पोर पन डावरी हाय?"

देवजीला वाटलं, गोदूचं नाव बाजारापर्यंत पोचलं. तो जरा रागानंच म्हणाला की पोर आता डावरी राहिली नाही, आणि याचा विळ्याशी काय संबंध. रघूनं दोन्ही विळे त्याच्यापुढं धरले आणि दाते दाखवले. विळ्याचे दाते एकाच अंगाला असतात. एका विळ्याला ते या अंगाला होते, दुसऱ्याला त्या अंगाला.

"हा उजव्याचा," रघू म्हणाला. "हा डाव्याचा. लगीन होऊन आली त्या साली म्हायेरचा जुना इळा घेऊन आली व्हती, त्यावरून मी हा केला. दर साली दोन आनायची. एक सावडीचा, एक तिचा. गवताला एकटी जायची ना, तवाचा. कोनाला बोलू नको म्हनाली व्हती. आता तीच नाय, म्हनून बोललो."

देवजी विळे घेऊन बाजाराबाहेर आला आणि चिंचेखाली बसला. एकोणीस वर्षं. राही गवताला एकटीच जायची, खरं होतं. कोणी सोबत येतो म्हणालं तर नको म्हणायची. तिचा भारा सगळ्या बायकांपेक्षा मोठा असायचा आणि ती लवकर परतायची. देवजीला वाटायचं, बाई कामसू आहे.

राहीचं माहेर लांब, उंबरमाळीच्या डोंगराकडच्या एका पाड्यावर. तिची आई बाईजा अजून जिवंत होती; पावसामुळे आणि म्हातारपणामुळे तिला लेकीच्या तेराव्याला येता आलं नव्हतं. देवजी दुसऱ्या दिवशी पहाटे निघाला. किन्हवलीवरून शहापूर, तिथून आग्रा रस्त्यानं खर्डीच्या पुढं. एक रात्र वाटेत एका ओळखीच्या पडवीत काढली. तो पोचला तेव्हा बाईजा अंगणात नाचणी पाखडत होती. त्याला बघून ती रडली. तोही रडला. मग तिनं त्याला गूळपाणी दिलं आणि देवजीनं फडकं सोडून विळा तिच्यापुढं ठेवला.

बाईजानं तो लगेच ओळखला. हातात घेतला, मूठ चाचपली.

"हा तिच्या बानं करून दिला व्हता त्याच्यावानी हाय," ती म्हणाली. "मला चोरून दिला व्हता त्यानं. मला वाटलं हरवला."

"मामी, ती डावरी व्हती?"

"व्हती."

"मंग उजवी कशी झाली?"

"कशी व्हनार? बांधला मी. काथ्यानं. सात वर्साची व्हती. दोन पावसाळे बांधला. काथ्या रुतायचा, पन करनार काय? डावरी पोर कोन नेतो?" बाईजानं सूप बाजूला ठेवलं. "लई बोलायची रे तवा. तोंडाला खळ नाय. मीच कावायची, गप बस म्हनायची. मंग आडायला लागली. एकेक शब्दाला मरायची बिचारी. आमी देवीला नवस केला, काय झालं नाय. मंग तिनं तिचंच शोधलं. आडलं की 'मी काय म्हंते' म्हनायची. तेवढं म्हटलं की पुढचं सुटायचं."

देवजी म्हणाला, "मला कोन बोललं नाय."

"काय बोलू? तुझा बा इथंच बसला व्हता, तू बसलास त्याच जागी. पोरीनं पानी आनून दिलं, खाली बघून उभी राहिली. तुझा बा म्हनाला, पोरगी शांत हाय, हे बेस हाय. मी म्हनू काय, शांत नाय, जीभ आडते?" तिनं डोळे पुसले. "तुला कवा जाच झाला काय तिचा? तू सुखात राहिलास ना?"

देवजी सुखात राहिला होता. तेच त्याला सांगता येईना. ज्या गप्पपणावर तो एकोणीस वर्षं खूष होता तो राहीचा नव्हताच, काथ्यानं आणलेला होता. मग राही कशी होती? आपण तेराव्याला ज्या बाईसाठी बसलो ती कोण? आणि आपण आपल्याच हातानं लुगड्याचा काठ फाडला होता.

तो तिथं जेवायला थांबला नाही. परत येताना त्याला वाटेतलं काही दिसलं नाही. घरी पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. कापणी नसेल तेव्हा गोदूचा हात बांधलेलाच असे; ती एका हातानं अंगण झाडत होती. देवजीनं गाठ सोडली, काठ चुलीत टाकला आणि म्हणाला, "आजपासून नाय बांधायचा. कोनत्या पन हातानं काय पन कर."

गोदू त्याच्याकडं बघत राहिली. तिचा डावा हात थोडा वेळ पुढं लोंबत राहिला. मग तो पाठीमागं गेला आणि तिथंच राहिला. तिनं खराटा उजव्या हातानं उचलला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून धोंडूबाईसमोर पाठ करून उभी राहिली, हात मागं घेऊन, गाठीसाठी.

देवजी शाळेत गेला. भांडायला गेला नव्हता. त्यानं मास्तरांना दोन्ही विळे दाखवले आणि सगळं सांगितलं. मास्तरांनी दोन्ही विळ्यांचे दाते बोटानं चाचपले. मग म्हणाले की एका मासिकात त्यांनी वाचलं होतं, कुठल्या तरी विद्वानाचं म्हणणं आहे की हात आणि जीभ यांचा मेंदूत संबंध असतो, एकाला अडवलं की दुसरं अडतं. दुसरे विद्वान म्हणतात, तसं काही नाही, ते मनाच्या भीतीनं होतं. तिसरे म्हणतात, ते रक्तातूनच येतं, आईचं लेकीत.

"मंग खरं काय?"

"ठाऊक नाही, देवजी."

"तवा तर ठाऊक व्हतं."

मास्तरांनी मान खाली घातली. देवजीला त्यांची दया आली. पोरांना न मारणारा माणूस होता तो. देवजी म्हणाला, बसा मास्तर, तुम्ही बांधला नाही, मी बांधला. आणि निघून आला.

संध्याकाळी त्यानं लडकूला सांगितलं की गोदू गरव्या भाताला येईल, पण डाव्या हातानं. ओळीत नको असेल तर तिला बांधाकडचा तुकडा वेगळा द्या, एकटी कापेल. लडकूनं बाकीच्या घरांना विचारलं. तुकडा वेगळा, मग वेळ कोण मोजणार, म्हणाले. पहिली रास कोणाच्या घरची बिघडणार, म्हणाले. लडकू वाईट माणूस नव्हता. तो दोन वेळा येऊन म्हणाला, "शिकली व्हती रे पोर. आठ दिवस अजून बांध. येवढ्यासाठी सावड मोडतोस?"

"मोडली असं समज," देवजी म्हणाला.

त्या साली देवजीचं भात त्यानं आणि गोदूनं दोघांनी कापलं. लडकूची बायको नवऱ्याला न विचारता दीड दिवस येऊन गेली. तरी तिसरा हिस्सा शेतातच गळला, पाखरांनी खाल्लं. उन्हाळ्यात घरात नाचणी आणि कंद होते. धोंडूबाई रोज बोलायची. देवजी ऐकून घ्यायचा.

गोदूची जीभ सुटेल असं त्याला वाटलं होतं. तेवढ्यासाठी तर सगळं केलं. ती सुटली नाही. बैलांशी ती बोलायची, गोठ्याबाहेरून देवजी ऐकायचा. माणूस दिसलं की अडायची. भात ती उजव्या हातानंच कापत राहिली, सांगूनही. राहीचा दुसरा विळा मात्र तिनं घेतला, आणि गवताच्या माळावर, कोणी नसताना, तो डाव्या हातात धरायला लागली. देवजी एवढंच शिकला की तिचा शब्द आपण पुरा करायचा नाही. ती अडली की तो हातातलं काम ठेवायचा आणि वाट बघायचा. कधी खूप वेळ लागायचा. कधी ती मध्येच सोडून द्यायची.

चाळीस साली गोदूला बघायला किन्हवलीकडची माणसं आली. मुलाचं नाव नवशा, बाप जयराम. घर चांगलं होतं, शेत ओलिताचं होतं. गोदूनं पाणी आणून दिलं, उजव्या हातानं, आणि खाली बघून उभी राहिली. धोंडूबाईनं तिला सकाळपासून पढवलं होतं की काही विचारलं तर मान हलव.

जयरामनं दोन गोष्टी विचारल्या. गोदूनं मान हलवली. जयराम पाणी पिऊन तांब्या खाली ठेवत म्हणाला, "पोरगी शांत हाय. हे बेस हाय. आजकालच्या पोरी लई बोलतात."

धोंडूबाईनं देवजीच्या पायाला पाय लावला. देवजीनं गोदूकडं बघितलं. ती खालीच बघत होती. एवढं एक वाक्य गिळलं असतं तर लग्न ठरत होतं. बाईजानं तेच केलं होतं आणि तिची लेक एकोणीस वर्षं सुखात नांदली, असंच सगळे म्हणत होते.

"शांत नाय ती," देवजी म्हणाला. "डावरी हाय. आमी हात बांधला, तवापासून जीभ आडते. तिला बोलायचं असतं. तुमी थांबून ऐकनार असाल तर न्या."

जयराम चमत्कारिक नजरेनं बघत राहिला. मग म्हणाला, निरोप पाठवतो. सगळे उठले. निरोप येणार नव्हता हे ते अंगण ओलांडेपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. धोंडूबाई कपाळाला हात लावून चुलीपुढं जाऊन बसली आणि म्हणाली, "पोरीचं वाटोळं केलंस रे. आधी बांधून केलंस, आता सोडून केलंस."

देवजीनं पाहिलं तर गोदू घरात नव्हती. वळचणीचा विळाही नव्हता.

ती माळावर गवत कापत होती. देवजी आला तरी तिनं हात बदलला नाही. हे पहिल्यांदाच. देवजी मागं बसून पेंढ्या बांधायला लागला. बराच वेळ दोघं काम करत राहिले. मग गोदू थांबली. पाठ त्याच्याकडंच होती.

"मी काय म्हंते..." ती म्हणाली. देवजीनं पेंढी खाली ठेवली. तिची मान ताठ झाली, सैल झाली, पुन्हा ताठ झाली. देवजी थांबला.

"आ... आयला... काय बोलायचं असल?"

देवजीनं आठवून बघितलं. मीठ संपलं, पाणी तापलं, बैल लंगडतोय, पाऊस येतोय. एकोणीस वर्षांतलं एवढंच त्याच्यापाशी होतं.

"ठाऊक नाय गो," तो म्हणाला. "शेवटाला बोलाय गेली व्हती. मी म्हटलं, उद्या सांग."

गोदूनं डाव्या हातानं गवताची पुढची मूठ कापली आणि बाजूला ठेवली. देवजी पेंढी बांधायला वाकला. गाठ त्याला नीट येईना. त्यानं ती सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.